दारातच नकार

आमची मावशी सगळ्यांच्या मेल वाचते, अशी तिच्या ऑफिसात सगळ्यांची खात्री. ती डबा घेऊन टेबलाशी आली, की गप्पा झटकन हवापाण्यावर यायच्या. "काय उकडतंय, नाही?" हेही ऐन थंडीत.

वाचत वगैरे ती काही नव्हती. कंपनीचा मेल सर्व्हर तिच्याकडे. बाहेरून आलेली मेल आत घ्यायची की नाही, एवढंच ती ठरवायची, आणि तेही दारातच. साहेबांना ते पटायचं नाही. घसा खाकरून, नाकातून म्हणायचे, "अहो मॅडम, सगळं आत घ्या नि नको ते गुपचूप फेका. कटकट नको!"

"चुकून खऱ्या माणसाची फेकली गेली, तर तो बिचारा उत्तराची वाट बघत बसेल, साहेब. तोंडावर नाही म्हटलं, तर निदान फोन तरी करेल."

इथे मावशी हटून बसायची. साहेब हात टेकायचे.

घरी ती एकटीच. दादा, म्हणजे तिचा मुलगा, भांडून गेला तो गेलाच. दर रविवारी ती त्याला चार ओळींची मेल लिहायची आणि उत्तर येईल म्हणून जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची. घास कमी, फोनकडे बघणं जास्त.

मला ते बघवेना. नकला करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. तिला जरा हसवावं म्हणून एका रविवारी तिच्याकडे जेवताना मी पैज लावली, "तुझ्या दारातून खोटी मेल आत घालून दाखवते. हरले तर महिनाभर तुझी भांडी माझ्याकडे."

"घाल की," मावशी हसली.

मी लॅपटॉप उघडला. पाठवणाऱ्याच्या जागी दादाचा पत्ता घातला आणि त्याच्याच ढंगात लिहिलं, "ए आई, ऐक ना गं. जेवलीस का?"

पाठवते न पाठवते तोच स्क्रीनवर उत्तर हजर. नाकारलं. पत्ता त्याचा, पण मेल त्याच्या सर्व्हरकडून आलेली नाही.

मावशीने मागे उभं राहून सगळं वाचलं. आता कान धरणार, म्हणून मी मान आत घेतली. पण ती माझ्या त्या दोन वाक्यांकडेच बघत राहिली.

"अगदी त्याच्यासारखं लिहिलंस गं," ती म्हणाली. "तुला निदान नकार तरी मिळाला. त्याचा सर्व्हर माझं सगळं आत घेतो. पुढे उत्तर नाही, नि नकारसुद्धा नाही."

मी बाह्या सरसावल्या आणि भांडी गोळा करायला लागले.

"माझं ताट राहू दे अजून," मावशी म्हणाली. फोन त्याच्या शेजारीच होता.