ताईचा मग, भावाची टाकी

भावाने माशांची टाकी घरात आणली त्या दिवशी ताई इस्पितळातून ड्यूटी संपवून परतली, तर तिची खाट जागेवर नव्हती. खिडकीपाशी टाकी बसली होती आणि खाट स्वयंपाकघराच्या दाराआड गेली होती.

"तुला काय, पाठ टेकली की झोप लागते," भाऊ म्हणाला. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. जन्मभर बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" ओरडत कंडक्टरकी केलेला माणूस तो. रिटायर झाल्यावर सरकवायला एक बहीणच उरली होती.

ताई त्याच्याहून थोरली. नवरा गेल्यावर भावाकडे आली ती तिथेच राहिली. एका खासगी इस्पितळात अजून आया होती. जीभ अशी तिखट, की वॉर्डातले डॉक्टरसुद्धा तिला वळसा घालून जात. भावाशी मात्र ती भांडली नाही. मनातल्या मनात धुमसत राहिली.

भाऊ माशांशी गप्पा मारायचा. सगळ्यांत मोठ्या नारिंगी माशाला तो 'साहेब' म्हणे. "काय साहेब, आज भूक नाही वाटतं?" दाराआड ताई खोकून खोकून लाल व्हायची, तिला कधी त्याने घोटभर पाणी विचारलं नाही.

पाणी मग तिने स्वतःच घेतलं, पण कुंड्यांसाठी. माशांच्या पाण्याने झाडं तरारतात असं एका नर्सने तिला सांगितलं होतं. भाऊ बाहेर पडला की ताई टाकीत मग बुडवायची आणि गॅलरीतल्या झाडांना घालायची. जास्वंदीला खरंच कळ्या आल्या. भाऊ म्हणायचा, "उन्हाने पाणी आटतंय हल्ली." ताई म्हणायची, "असेल."

मग भाऊ एका लग्नाला परगावी गेला. ताईने हात सैल सोडला. पाणी इतकं खाली गेलं, की पाणी कोमट ठेवणारी काचेची हीटरची नळी उघडी पडली आणि कोरडीच तापत राहिली. पाणी खेळवणारी मोटर आधी घरघरली, मग जळकट वास सोडून गप्प झाली. ताईला वास आला. तिने गॅलरीचं दार उघडलं, एवढंच केलं.

भाऊ आला, त्याने घाईघाईत बादलीभर पाणी ओतलं. गरम काचेवर थंड पाणी! नळी टच्चकन फुटली. काय झालं म्हणून त्याने पाण्यात हात घातला, तर विजेचा असा झटका बसला, की तो भिंतीवर जाऊन आदळला. ताईने धावत जाऊन बटण बंद केलं. तिने ते केलं नसतं तर तो वाचला नसता. पण भावाच्या डोळ्यांना दिसला तो गॅलरीतला ओला मग.

"मारायला निघालीस मला?"

"मारायचं असतं तर बटण कशाला बंद केलं असतं?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं.

भावाने नवा हीटर आणि नवी मोटर आणली आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून टाकीला सेन्सर बसवून घेतला. काचेच्या आत दांडीवर सरकणारा छोटा तरंगता गोळा, बाहेर एक डबी. पाणी खुणेखाली गेलं की गोळा खाली सरकायचा, हीटर आणि मोटर आपोआप बंद व्हायची आणि डबी कर्कश पिपाणी वाजवायची. नव्या सामानाला धक्का लागायला नको, असं तो टीव्हीवाल्याला म्हणाला. पण बोलताना बघत होता ताईकडे.

ताईने दुसऱ्याच दिवशी मग बुडवला. पिपाणी अशी केकाटली, की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. "काय हो, काय झालं?"

"काही नाही," भाऊ आतून मोठ्यांदा म्हणाला. "घरात चोर आहे, तो सापडला."

शेजारीण हसली. ताई हसली नाही. इस्पितळात तिच्या हातावर लोकांनी गळ्यातले दागिने विश्वासाने काढून ठेवले होते. तिला चोर म्हणणारा आजवर कुणी भेटला नव्हता.

तिने डोकं चालवलं. डबीला पाण्याची उंची कळते, पाणी कुठलं ते कळत नाही. आता ताई टाकीतून एक मग काढायची आणि लगेच नळाचा एक मग ओतायची. गोळा जागच्या जागी. पिपाणी चूप. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

नळाच्या पाण्याला जंतुनाशकाचा उग्र वास यायचा. भाऊ ते पाणी बादलीत शिळं करून, औषधाचे थेंब टाकून मगच टाकीत घालायचा. ताईला ती त्याची थेरं वाटायची. पहिला मासा उलटा तरंगला तेव्हा तिला खरंच ठाऊक नव्हतं. दुसरा मेला तेव्हा तिने मग नाकाशी नेला, आणि तिला कळलं. कळूनही दुसऱ्या दिवशी तिने नळ सोडला.

भाऊ वेडापिसा झाला. डबी उघडून बघितली, गोळा पुसला, टीव्हीवाल्याला शिव्या घातल्या. सेन्सर ठणठणीत होता. मासे मरतच होते. शेवटी साहेबही कडेला कलंडला, तोंड उघडमीट करत.

आणि एका दुपारी भाऊ पिशवी विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आला. ताई नळापाशी होती, मग अर्धा भरलेला.

तो ओरडला नाही. खुर्चीत बसला. "मुकी जनावरं होती ती," म्हणाला. "त्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

"त्यांनी नाही, तू मारलंस," ताई म्हणाली. "त्यांचं पाणी बोटभर कमी झालं तर घरभर पिपाणी वाजते. मी रात्र रात्र खोकते, तुझ्या कानावरची माशी हलत नाही. माझी खाट हलवताना विचारलंस मला? शेजारणीपुढे चोर म्हणालास!"

"म्हणून मारलेस?"

"हो. म्हणून."

"मग निघ इथून."

"निघतेच. मला हाकलायला तू कोण?"

पूर्वी जिची सेवा केली होती त्या एका म्हातारीला सोबत हवीच होती. ताई दोन कुंड्या काखोटीला मारून तिच्याकडे राहायला गेली. उरलेल्या कुंड्या भावाने जिन्यात नेऊन ठेवल्या. कुणी उचलल्या, कुणी फोडल्या.

काही आठवड्यांनी तो तिच्याकडची घराची किल्ली मागायला आला. दारातच उभा राहिला. आत ये असं ती म्हणाली नाही. तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"साहेब?" तिने विचारलं.

"गेला."

त्याने किल्ली खिशात टाकली आणि मागे न बघता जिना उतरला. ताईने कडी लावली. म्हातारीने आतून विचारलं, "कोण होतं गं?"

"कुणी नाही."

तिला वाईट वाटत होतं, पण ते माशाचं. भावाचं वाटतंय का म्हणून तिने क्षणभर मनाला चाचपून पाहिलं. काही हाताला लागलं नाही. मग ती म्हातारीचं औषध काढायला गेली.