बूची चटई आणि मिरच्या

खड्ड्याची भिंत मी पाडली. खरं म्हणजे भिंतीसकट मीच खाली गेलो. आमच्या उत्खनन-शाळेतली पोरं आठवडाभर थापीनं ती भिंत तासत होती. मातीचे थर वाचायला तिच्यावरूनच शिकायचं होतं. "काठावर पाय ठेवू नका," असं इनोके सर रोज सकाळी प्रार्थनेसारखं म्हणायचे. पण त्या दिवशी बू, म्हणजे आजी, आलुमिता नेमकी वाटेत चटई टाकून बसली होती.

"ए जाड्या, पलीकडून चार मिरच्या तोडून आण."

बसलेल्या आजीसमोरून ताठ मानेनं जायची आमच्यात पद्धत नाही. मी कमरेत वाकलो, "तुलोऊ, बू," म्हणत माफी मागितली, अंग चोरून काठावरून सरकलो आणि थेट पूर्वजांच्या चुलीत जाऊन बसलो.

सरांनी कपाळाला हात लावला. यंदा माणसाच्या खुणा संपून तळाची वाळू लागली की इथलं काम संपणार होतं आणि शाळा पुढच्या वर्षी शेजारच्या खाडीवर जाणार होती. आता पुन्हा माती उपसा, पुन्हा भिंत तासा!

बू तेवढी शांत. "हाडं शाबूत आहेत ना? मग चल जेवायला."

खड्डा तिच्या परसात, आम्ही तिच्या घरात. तिची मुलं ऑकलंडला, म्हणून वर्षभराचं ओरडणं ती आमच्यासाठी साठवून ठेवायची. गावात टोपी घालून फिरलात, टपली. पातेलं नीट घासलं नाहीत, परत घासा. ऐन खापरी वर येताना तिची हाक यायची. सर म्हणायचे, "बू, पाचच मिनिटं!"

"हजारो वर्षं थांबलीय ना ती? मग मासे खाईपर्यंत थांबेल!"

थापी तिथेच टाकून सगळ्यांत आधी सरच उठायचे.

शेवटच्या दिवसापर्यंत वाळू काही लागली नाही. सर ओशाळून म्हणाले, "बू, पुढच्या वर्षी पुन्हा त्रास द्यायला यावं लागणार."

"आता काय करणार!" म्हणत बूनं मयताला आल्यासारखा चेहरा केला आणि माशांत आणखी एक नारळ पिळला.

जेवणानंतर पातेली घासताना माझं लक्ष गेलं. स्वयंपाकघराच्या दाराशीच मिरचीचं झाड, लालभडक लगडलेलं.

"बू," मी हळूच विचारलं, "दारात एवढ्या मिरच्या असताना मला खड्ड्यापलीकडे का पाठवलंस?"

"सगळ्यांत जड तूच होतास."