डावीकडे ओढणारी गाडी

देव आहे की नाही, ही शंका मला कधी आली नाही. माझा त्रास उलटा होता. मला तो जिथेतिथे दिसायचा. नव्वदच्या दशकात आम्ही बेलापूरच्या टेकडीवरच्या नव्या कॉलनीत राहायला आलो आणि मी एक जुनी, चौथ्या हाताची गाडी घेतली. ऑफिसला उतरताना वळणावर डाव्या हाताला गणपतीचं लहानसं देऊळ लागायचं. तिथे ब्रेक दाबला की गाडी आपोआप देवळाकडे वळायची. मी स्टिअरिंगला हातही लावत नसे. पहिल्यांदा अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवसापासून मी ऑफिसात सांगत सुटलो की बाप्पा मला ओढून घेतो. गाडी सिग्नललाही डावीकडेच जायची, पण तिथे मी सिडकोच्या रस्त्यांना दोष द्यायचो.

पुढे ब्रेक दाबला की लोखंड घासल्यासारखी किंकाळी येऊ लागली. पायाखालचं पेडलही दिवसेंदिवस खोल जायला लागलं. मी कॅसेटवरच्या आरतीचा आवाज वाढवला. शेजारचे सावंत म्हणाले, तुम्ही निघालात की अख्ख्या सोसायटीला कळतं, हॉर्न विकून टाका. मी त्यांना श्रद्धेवर बरंच ऐकवलं. बायको मात्र शांतपणे एवढंच म्हणाली, "अहो, देव बोलावत असेल तर बोलावू दे. पण गाडी एकदा दाखवून घ्या ना." मी हसलो. पत्रिकेत गुण जुळले तरी भक्तीत जुळतीलच असं नाही, असं काहीतरी बोललोही.

ती तेव्हा गरोदर होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोनदा आशा लागून मोडली होती, आणि या खेपेला आम्ही दोघंही बाळाविषयी मोठ्याने बोलायला घाबरायचो. सातव्या महिन्यात तिला पुण्याला माहेरी पोहोचवायचं ठरलं. मी हट्ट धरला की आपल्याच गाडीने जायचं आणि आधी त्या देवळात डोकं टेकायचं. माझ्या मनात असं होतं की बाप्पाने तिलाही एकदा ओढून घ्यावं, म्हणजे सगळं सुखरूप होईल.

सकाळी देवळापाशी पोहोचलो. किंकाळी फुटली, गाडी डावीकडे गेली, मी बायकोकडे विजयाने पाहिलं. तिने पोटाखाली हात धरला होता. दर्शन घेऊन परत बसत होतो, तेवढ्यात पायरीवर हार ओवत बसलेली गावातली म्हातारी उठली आणि तिने बायकोचं मनगट धरलं. "बाय, तू उतर. पोटात जीव हाय. ही गाडी लय हिसका देते, मी रोज बगते. माज्यासंगं चाल, उतार सरला की खाली बस तिच्यात." मी घाईत होतो. चालून दमेल हो ती, म्हटलं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलंच नाही. बायको मात्र उतरली. मला न विचारता. खरं सांगतो, मला राग आला. देवाच्या दारात माझ्या गाडीचा अपमान झाला असं वाटलं, आणि त्या रागात मी एकटाच निघालो.

पुढच्या उतारावर पाय दाबला तो थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला. काहीच नाही. किंकाळीसुद्धा नाही. हँडब्रेक ओढला, गाडीने हिसका खाल्ला आणि ती रस्त्याकडेला बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगात घुसली. शेजारी विटांची रास होती. मला खरचटलंही नाही. डावीकडचं दार मात्र विटांनी आत दाबून थेट सीटवर आणलं होतं. त्या सीटवर तिची शाल पडली होती. मी त्या शालीकडे बघत बसलो. एरवी तोंडात अखंड असणारं नाम तेव्हा आठवलंच नाही. थोड्या वेळाने त्या दोघी हातात हात घालून सावकाश उतरत आल्या. बायकोने दार पाहिलं, मग मला पाहिलं, आणि आधी माझं कपाळ चाचपून बघितलं. म्हातारीने टोपलीतलं अबोलीचं फूल तिच्या केसांत खोचलं आणि ती बाजाराच्या दिशेने निघून गेली.

गॅरेजमध्ये चाकं काढली तेव्हा मेकॅनिकने दाखवलं. ब्रेकचे लायनर झिजून लोखंडाला लोखंड लागत होतं. उजव्या चाकाकडून ब्रेकचं तेल गळून तिथला ब्रेक जवळजवळ मेला होता. एकटं डावं चाक धरत होतं, म्हणून ती ओढ. त्याने नवे लायनर बसवले, गळकं सामान बदललं, आणि नळ्यांतली हवा काढायला मला पेडलवर पाय ठेवून बसवलं. तो गाडीखालून सांगायचा, दाबा, धरा, सोडा, आणि मी दाबत, धरत, सोडत होतो. का, कशाला, मला काय वाटतं, काहीच बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी पूर्ण ऐकत होतो.

ती म्हातारी कोण होती, यावर मी काही म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात ती पायरीवरच होती, आणि हार शिळा आहे म्हटल्यावर माझ्याशी कडाडून भांडली. मी मुकाट्याने तोच हार घेतला आणि बाप्पाला वाहिला. मी देवाला खुणा ठरवून देत होतो, आणि त्याला जे सांगायचं होतं ते तो किंकाळीतून, सावंतांच्या तोंडून, माझ्या घरातूनच सांगत होता.

गाडी तयार झाली तेव्हा मी बायकोला म्हटलं, तू बसने जा, मी सामान घेऊन मागून येतो. नव्या दाराची कडी तिने एकदा लावून पाहिली, आत बसली, शाल पोटावर नीट घेतली आणि डोळे मिटले. खंडाळ्याच्या घाटात मी तिच्याकडे पाहिलं. ती झोपली होती. गाडी मीच चालवतोय हे माहीत असूनही झोपली होती. समर्पण म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. मी पाय हलकेच ब्रेकवर ठेवला आणि पुढचं वळण सावकाश घेतलं.