गाण्याखालचं नाव

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडच्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे आणि केडगाव स्टेशनवर उतरणाऱ्यांच्या हातात द्यायचे. नियम एकच, खाली नाव नसलेलं पत्रक वाटायचं नाही. निनावी लिहिणारा घाबरट, हे मी बाराखडीबरोबरच शिकले.

माझा मामेभाऊ मांडवगण फराट्याचा. आमचे आजोबा मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. हा एमआयडीसीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कंत्राटी कामगार. कंपनीच्या बसमध्ये तो कानात एकच जुनं इंग्रजी हार्ड रॉक गाणं लावून बसायचा. मला तो नुसता गोंगाट वाटे. मग त्यानं शब्द समजावले. कारखान्याचा भोंगा रोज माणसाला बोलावतो आणि माणूस जातो. शेवटच्या कडव्यात जेवणाचा डबा एकटाच घरी येतो, भोंगा वाजतच राहतो. पुढे शब्द नाहीत, फक्त गिटार. ती ऐकताना दात आवळले जातात.

गाण्यामागची हकिकतही त्यानंच कुठल्याशा मुलाखतीतून शोधली होती. गायक आधी ओतशाळेत कामाला होता. तिथं भट्टीवर मेलेल्या सोबत्यावर त्यानं हे गाणं लिहिलं, पण सोबत्याचं नाव गाण्यात घातलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. सोबत्याचा भाऊ अजून तिथंच कामावर होता.

त्या उन्हाळ्यात मामेभावाच्या शेजारच्या प्रेसवर बिहारहून आलेल्या एका कामगाराची चार बोटं गेली. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो. माल जास्त निघावा म्हणून तो बंद ठेवला होता. मी पेटले. पत्रक काढायचं ठरवलं. पुढं गाणं मराठीत आणि त्याची हकिकत, मागं सेन्सरची मागणी. दोघांनी मामीच्या ओट्यावर बसून अनुवाद केला.

काम संपल्यावर तो म्हणाला, "माझं नाव नगं टाकू. दिवाळीनंतर परमनंटचं बघणार हायत."

मी त्याला चांगलंच सुनावलं. ज्याची बोटं गेली त्याला हात लपवता येत नाही, मग आपण नाव का लपवायचं?

"तुला काय," तो हसून म्हणाला, "तुझं गेट म्हंजी कॉलेजच्या लायब्ररीचं."

मग तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याला मी होकार धरलं. पत्रकावर माझ्या नावाशेजारी त्याचं पूर्ण नाव छापलं, गावासकट.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात पत्रक वाटलं, शिफ्ट सुटताना गेटवर वाटलं. लोक घडी घालून खिशात ठेवत होते. मला केवढा अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी त्याचं कार्ड गेटवर चाललं नाही. मी भांडायला गेले तेव्हा वॉचमननं शांतपणे सांगितलं की कंत्राटी माणसाला काढल्याचं पत्र नसतं. नंतर दुसऱ्या कुठल्याच कंत्राटदारानं त्याला घेतलं नाही. पत्रक सगळ्यांकडं पोचलं होतं. याच्या निषेधाचं पत्रक काढू, असं मी म्हणाले, तर त्यानं फोन ठेवून दिला.

गेल्या महिन्यात तो तळेगावच्या बाजारात दिसला, भाजीच्या टेम्पोवर दोरी आवळत. मी माफी मागू लागले. त्यानं गाठ पक्की होईपर्यंत ऐकून घेतलं. सेन्सरचं विचारलं, तर म्हणाला, तपासणीच्या दिवशी चालू असतो. गाणं ऐकतोस का, हेही विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "त्या गाणाऱ्याला कळलं व्हतं. तू तर सोताच्या हातानं लिव्हलंस की ते."

घरी येऊन मी ते जुनं पत्रक शोधून काढलं. हकिकतीतलं शेवटचं वाक्य माझंच होतं: सोबत्याच्या भावाची नोकरी जाऊ नये म्हणून गायकानं ते नाव आयुष्यभर उघड केलं नाही. प्रूफ मी दोनदा तपासलं होतं. त्या वाक्याच्या खाली, बोटभर अंतरावर, ठळक टायपात माझ्या भावाचं नाव आहे.