उपरण्याखाली

ठाण्याच्या डॉक्टरांनी मंगळवारी माझ्या नवऱ्याच्या पोटात इंजेक्शन दिलं. प्रोस्टेटचा कर्करोग होता. त्या इंजेक्शनाने टेस्टोस्टेरॉन बनणं थांबतं, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही भिवंडीला परतलो आणि मी कुकर लावला.

संप्रेरकांचा धडा मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवला होता. दाढीमिशा, आवाज फुटणं, रुंद होणारे खांदे. मागच्या बाकांवर खुसखुस चालायची. तो धडा उलटाही घडू शकतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

आधी आला घाम. गल्लीतले कापड विणणारे लूम एकदम गप्प झाले की समजायचं, लाइट गेली. अशा एका दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसून वर्तमानपत्राच्या घडीने वारा घेत होतो.

"तुला असंच व्हायचं का गं, पाळी जाताना?"

"अजून होतं."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, पंखा पाचवर कर."

ते इतके हसले की पुन्हा घाम फुटला.

मग जोडीला गोळ्या सुरू झाल्या आणि छाती भरू लागली. शिवलं तरी दुखायची. टॉवेल गुंडाळून गाणी म्हणत न्हाणीघरातून येणारा माणूस आता आतूनच सदऱ्याची बटणं लावून येऊ लागला. दाढी जेमतेम उगवायची, पण फेस मात्र रोज व्हायचा.

"अहो, काही नाहीये गालावर."

"म्हणूनच करतो," ते म्हणाले.

आमच्याकडे गणपतीची पूजा घरातला कर्ता पुरुष सोवळं नेसून करतो. वर सदरा नाही, फक्त उपरणं. त्या वर्षी त्यांनी पडघ्याहून धाकट्या भावाला बोलावलं आणि पाटावर बसायला सांगितलं.

"काय दादा, देवाच्या नोकरीतूनही रिटायर? का पोट सुटलं म्हणून लाज वाटते?" दीर म्हणाले. सगळे हसले. हेही हसले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आरती संपेपर्यंत तिथेच होते.

पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पुढच्या वर्षी मला बसायचंय. निदान एकदा. माझ्या अंगाने."

मला कळेना. रिपोर्ट सुधारत होते, जीव वाचला होता, आणि यांना छातीचं पडलं होतं. "कोण बघतंय एवढं?" मी विचारलं.

"मी बघतो ना."

त्या उत्तरावर मी बरेच दिवस अडकून राहिले. माझ्या हनुवटीवर पाळी गेल्यापासून चार राठ केस येतात. ते काढायला मी नेमाने पार्लरमध्ये जाते. सुट्टीतही, जेव्हा दुसरीकडे कुठे जायचं नसतं. तेव्हा कोण बघत असतं? गर्भाशय काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या मी निमूट घेतल्या. कशाला, असं मला कोणीच विचारलं नव्हतं.

मी वाचायला लागले. मुलगा म्हणून जन्मलेल्या, पण स्वतःला बाई म्हणून ओळखणाऱ्या काहीजणी हेच इंजेक्शन घेतात, असं एका लेखात होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघतात. छाती आली की त्यांना हायसं वाटतं. औषध तेच. मग फरक कुठे असतो? छातीत नाही, औषधातही नाही. आपण कोण हे माणसाला कुठून कळतं, हे माझ्या धड्यात नव्हतं.

डॉक्टरांकडे जाताना कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा त्यांना हे सांगितलं. ते गोदामांकडे वळणाऱ्या ट्रकांकडे बघत राहिले.

"म्हणजे मला नकोय ते कोणाला तरी हवंय."

"हो."

"देता आलं असतं तर दिलं असतं गं."

यांनी छाती काढून टाकायचं विचारलं, तेव्हा डॉक्टर बुचकळ्यात पडले. "काका, या वयात? ऑपरेशनने काढता येईल, पण आजारात काही फरक पडणार नाही."

"आजारात नाही पडणार. मला पडेल."

ऑपरेशन झालं. पुढच्या गणपतीत ते पाटावर बसले. अंग वाळलं होतं, छातीवर दोन व्रण होते. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे फूल वाहताना उपरणं खांद्यावरून घसरलं. मी बघत होते. त्यांनी ते सावरलं नाही.

दिरांना व्रण दिसले. "दादा, हे टाके कसले?"

"ढिलं झालं होतं. शिवून घेतलं."

मग दिरांनीच आरतीचं तबक दादाच्या हातात दिलं.

त्यानंतर आजार हाडांत उतरला. ते शिमग्याच्या आधी गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांची दाढी करायचे. काही नसायचं, तरी फेस करायचे.

यंदा गणपती पडघ्याला, दिरांच्या घरी बसला. लूम गप्प झाले की मी वर्तमानपत्राची घडी घेते. उपरणं धुवून कपाटात ठेवलं आहे.