मोठ्या सरांच्या मनातला हॉल

मोठे सर वाक्य पूर्ण करीत नसत. व्हरांड्यात गाठ पडली की म्हणत, "मागं ती जागा हाय ना बाई, तिथं एकदा..." आणि उजवा हात हवेत तसाच धरून पुढे निघून जात. मी भूमिती शिकवते. भूमितीत काय दिले आहे आणि काय सिद्ध करायचे आहे, हे आधी लिहावे लागते. पक्ष आणि साध्य यांच्याविना सिद्धतेला आरंभच होत नाही. सरांच्या बोलण्यात साध्य कधी नसे. असे असूनही त्यांच्या हाताखाली आम्ही शिक्षकांनी जेवढे मनापासून काम केले, तेवढे पुढे कोणाच्याही हाताखाली केले नाही. याची संगती मला अजून लागलेली नाही.

आमची शाळा चिकलठाण्याच्या कारखान्यांमागच्या वस्तीत आहे. सर तेथे मुख्याध्यापक होते. मूळचे पाचोडचे. प्रार्थनेच्या वेळी ते प्रमाण मराठीत बोलत. एरवी गावाकडची बोली त्यांच्या तोंडून सहज येई. शाळेच्या मागे वेड्या बाभळींनी आणि दगडांनी भरलेली पडीक जागा होती. एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, सर एकटेच घमेले घेऊन तेथे दगड वेचताना दिसले. त्यांनी कोणाला बोलावले नाही. खेळाचे काळे सर घरी निघाले होते. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि बाह्या सारल्या. विज्ञानाच्या शेख बाईंनी पदर खोचला. मीही गेले.

"राहू द्या हो, तुमच्या साड्या खराब व्हतील," सर म्हणाले.

"मग तुम्ही थांबा, आम्ही थांबतो," शेख बाई म्हणाल्या. सर हसले आणि दगड उचलत राहिले.

पुढे तो दर शनिवारचा शिरस्ताच झाला. काम करता करता सर एकेकाशी काहीतरी बोलत. मला एकदा म्हणाले, "एका खोलीचं घर, त्यात टीव्ही चालू. पोरींनी अभ्यास कुठं बसून करायचा?" अभ्यासिका होणार, हे मी त्या क्षणी ओळखले. गावातल्या ओळखीच्यांकडून मी जुनी पुस्तके मागून आणू लागले. काळे सर वर्गणीसाठी पालकांना भेटत होते, शेख बाई कारखान्यांच्या दारात जाऊन पत्रे आणि लोखंड मागत होत्या. सगळ्यांचे पाय एकाच दिशेने पडत आहेत, याचा मला फार आनंद वाटे. भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले. कामावर होता बाबू गवंडी. तो आमचाच माजी विद्यार्थी. भूमितीत कच्चा, पण ओळंब्यात पक्का.

एके दिवशी बाबूने आम्हा तिघांना हॉलमध्ये बोलावून विचारले, "बाई, खाली काय टाकू?"

"गुळगुळीत फरशी टाक. मुली खाली बसून लिहितील," मी म्हणाले.

"फरशी? आणि पोरं त्यावर घसरून गुडघे फोडतील?" काळे सर म्हणाले. "कबड्डीला माती लागते. माती राहू दे, वर मॅट येईल."

शेख बाई आमच्याकडे पाहतच राहिल्या. "कमाल करता तुम्ही लोक. आधी पाइप टाकावे लागतील. प्रयोगशाळेत पाणी नको का?"

"कोणती प्रयोगशाळा?" मी विचारले.

"सरांनीच सांगितलं मला! हाताला लागल्याबिगर पोराला कळत नाही, म्हणाले."

"मला म्हणाले, पोरांचे पाय उन्हात पोळतात," काळे सर म्हणाले.

तिघेही खरेच बोलत होतो. बाबू थापी हातात धरून आळीपाळीने आमची तोंडे बघत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही ठरवा निवांत. माझा माल सुकायलाय."

त्यानंतरच्या शनिवारी कोणी आले नाही. शिक्षककक्षात चहा तीन कोपऱ्यांत प्यायला जाऊ लागला. पुस्तके आणण्यासाठी मी उंबरे झिजवले होते. ती कुठे ठेवायची, हा माझा प्रश्न होता. तसलाच प्रश्न उरलेल्या दोघांचाही असणार. सर त्या महिन्याअखेर निवृत्त होणार होते. ते गेले की ओसाड हॉल आणि दुभंगलेली शाळा एवढेच मागे राहील, अशी भीती वाटून आम्ही तिघे त्यांच्या खोलीत गेलो आणि स्पष्ट विचारले, "सर, तिथे नेमके काय करायचे होते?"

सरांनी चष्मा काढला. आमच्यापेक्षा तेच अधिक गोंधळलेले दिसले.

"म्हंजे? तुमचं ठरलं नव्हतं व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुमचं तुम्हाला ठाऊक हाय."

शेख बाई हळूच म्हणाल्या, "मग सध्या साधा कोबा टाकू. एका कडेने माझे पाइप. मॅट गुंडाळून ठेवता येईल. पुस्तकांना भिंत आहेच." काळे सर म्हणाले, "दिवस वाटून घ्यावे लागतील." मी मान हलवली. सरांनीही हलवली, जणू आमच्यातलेच एक म्हणून त्यांची संमती विचारली होती. कोबा झाल्यावर, निवृत्तीच्या दिवसापर्यंत रोज सकाळी येऊन सर त्यावर पाणी मारीत.

आज मी पर्यवेक्षिका आहे. प्रशिक्षणात आम्हाला सांगतात की, नेत्याने ध्येय एका वाक्यात मांडावे आणि ते प्रत्येक सहकाऱ्यापर्यंत पोहोचवावे. तर्काला हे पटते. मी टिपूनही घेते. मग सरांच्या बाबतीत ते उलटे कसे झाले, हा प्रश्न मात्र सुटत नाही. न मांडलेल्या ध्येयासाठी आम्ही राबलो ते कशामुळे? आणि ते ध्येय कोणाचे होते?

सर पाचोडला परतले त्या दिवशी त्यांना निरोप द्यायला मी बसस्थानकावर गेले होते. गाडी लागली तेव्हा धीर करून विचारले, "सर, आता तरी सांगा. पहिल्या शनिवारी तुमच्या मनात काय होते?"

"मनात कशाचं? त्या दगडांत लई साप निघायचे, बाई. पोरं तिकडं चेंडू आणायला जायची. म्हणलं, दगडं उचलावीत." पिशवी छातीशी धरून ते पायरी चढले आणि वळून म्हणाले, "मग तुम्ही सगळे आलात. मी म्हणलं, यांच्या मनात काहीतरी मोठं असंल. आता मधेच थांबावं कसं?"

शेख बाईंना आणि काळे सरांना मी हे अद्याप सांगितलेले नाही.