बिबट्या आणि मुलींची प्रॅक्टिस

नोटीस लागली तेव्हा मी स्टोअररूममध्ये लॅक्रॉसच्या स्टिकच्या जाळ्या दुरुस्त करत बसले होते. सुवर्णा धावत आली. “मॅडम, आपली प्रॅक्टिस बंद केली!”

बोर्डावर दोनच ओळी. परिसरात बिबट्या दिसल्यामुळे मुलींचा मैदानी सराव पुढील सूचनेपर्यंत बंद. युनिव्हर्सिटीच्या सिलेक्शन ट्रायल पंधरा दिवसांवर आलेल्या. सुवर्णा तिसऱ्या वर्षाला, म्हणजे तिची ही शेवटची संधी. मी आंबेगाव तालुक्यातल्या या कॉलेजात बारा वर्षं फिजिकल डायरेक्टर आहे. मंचरच्या किराणा दुकानवाल्या जैन घरातली. मुलीच्या जातीनं ग्राऊंडवर काय करायचं, हे लग्नाआधी आणि लग्नानंतर भरपूर ऐकून घेतलंय. नोटीस वाचून माझं डोकंच फिरलं.

तशीच प्रिन्सिपल सरांकडे गेले. “सर, मुलांचं क्रिकेट चालू आहे. त्याच ग्राऊंडवर.”

“मुलांचं वेगळं असतं, मॅडम.”

“ते बिबट्याला कसं कळणार?”

“उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? तुम्ही?”

“घेते. लिहून देते.”

“नको,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

आमच्याकडे बिबट्या नवा नाही. ऊस आहे तिथे तो आहे. सुवर्णा शिनोलीच्या पुढच्या वाडीतली, घरची भात-नाचणीची शेती. संध्याकाळी एसटीतून उतरली की शाळेच्या पाच-सहा पोरी गोळा करते आणि मोठमोठ्यानं बोलत त्यांना वाडीपर्यंत नेते. हे काम तिला कुणी दिलेलं नाही. आणि आम्ही तिला बिबट्यापासून वाचवणार होतो!

आता लॅक्रॉसबद्दल थोडंसं. काठीच्या टोकाला जाळी असते. तिच्यात बॉल झेलायचा, पळायचं, गोलमध्ये मारायचा. सुवर्णा डिफेंडर. मुलींच्या खेळात अंगाला अंग भिडवता येत नाही, म्हणून डिफेंडर मार्किंग करते. समोरच्या खेळाडूपासून काठीभर अंतरावर राहायचं, ती जाईल तिकडे जायचं, हात लावायचा नाही. सुवर्णा कबड्डीतून आलेली. पहिले दोन महिने ती समोरचीचा घोटाच धरायची. ओरडून ओरडून माझा घसा बसला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला क्रिकेटचा कॅप्टन माझ्याकडे आला. “मॅडम, तुमच्या पोरींना आवरा ना!”

जाऊन बघते तर प्रत्येक पोराजवळ एक पोरगी. काठीभर अंतरावर, हात मागे, तोंड बंद. बॉलर रनअपला निघाला की त्याची पोरगी बाजूनं पळायची. बॅट्समनजवळ खुद्द सुवर्णा. त्याला बॅट फिरवायची सोयच नव्हती. मला हसू फुटत होतं, पण मागून प्रिन्सिपल सर येत होते.

“हा काय तमाशा आहे?”

सुवर्णा जागची हलली नाही. “सर, बिबट्या हाय ना? ही पोरं बिचारी एकटीच व्हती. आमी राखतोय त्यांना.”

“आधी घरी जा सगळ्या!”

“जातो की. पर आदी ह्यांना घरी पाठवा. ह्यांना टाकून आमी न्हाई जाणार.”

सर कॅप्टनकडे वळले. “यांनी कुणाला हात लावला का?”

“न्हाई सर,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “तेच तर!”

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

“फाऊल नाही, सर,” मी म्हणाले.

तीन संध्याकाळी हे असंच चाललं. क्रिकेटची एक ओव्हर धड झाली नाही. चौथ्या दिवशी नवी नोटीस लागली. मुलं असोत की मुली, सर्वांचा सराव साडेपाचपर्यंत, आणि त्यानंतर सर्वांनी मिळून गटानं एसटी स्टँडपर्यंत जायचं. मुलं कुरकुरली. आम्ही त्याच दिवशी जाळ्या बाहेर काढल्या.

ट्रायलमध्ये सुवर्णाची युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी निवड झाली. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि मुलींना मैदान मिळायलाच हवं असं छोटं भाषणही केलं. मी दोन पेढे खाल्ले.

बारा वर्षांत एवढं मात्र पक्कं कळलंय. भीती खरी असली की नोटीस सगळ्यांना लागू होते. निम्म्यांनाच लागू झाली, तर ती भीती बिबट्याची नसते.